सोंग आणि सौजन्य

वेष पालटून दुसऱ्याचें रूप घेण्याची हौस मनुष्यास फार जुनी आहे. महाराष्ट्रांतील बहुरूपी आज शिपायाचें, उद्यां वैद्याचें सोंग घेऊन दारीं येई आणि घरच्या मंडळींस क्षणभर चकवून दाद व दक्षिणा घेऊन जाई. कोंकणांतील दशावतारी खेळांत शंकासुर नाचत येतो, तेव्हां पुढच्या रांगेंतील लहान मुलें आईच्या पदराआड दडतात. परंतु या दोन्ही ठिकाणीं मर्यादा आधींच ठरलेली असते. बहुरूप्याची ती उपजीविका आहे हें सर्वांस ठाऊक असतें. दशावतारी नट आपल्या जागीं आणि प्रेक्षक आपल्या जागीं असतो. गेल्या आठ-नऊ दशकांत मात्र वेषधारणेचा असा एक प्रकार जगांत रूढ झाला आहे कीं, ज्यांत रंगभूमि नाहीं, पडदा नाहीं, आणि नट व प्रेक्षक यांच्यामधील अंतरही नाहीं. चित्रकथा, विज्ञानकथा आणि चित्रपट यांच्या चाहत्यांचीं जीं मोठमोठीं संमेलनें भरतात, त्यांत हजारों साधीं माणसें आपल्या आवडत्या पात्राचा वेष करून येतात आणि गर्दींत दिवसभर वावरतात. मधली सीमा अशी नाहींशी झाली म्हणजे कोणते प्रश्न उत्पन्न होतात, आणि ते कसे सोडविले गेले, याचा विचार येथें करावयाचा आहे.

या प्रकारास जगभर ‘कॉसप्ले’ हें नांव मिळालें आहे. वेषभूषा आणि खेळ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून जपानी लोकांनीं तो शब्द बनविला. १९८३ च्या सुमारास नोबुयुकी ताकाहाशी यांच्या लेखनांतून तो प्रचारांत आला. शब्द जपानी असला तरी चाल मात्र त्याहून जुनी आहे. १९३९ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें विज्ञानकथांच्या चाहत्यांचें पहिलें जागतिक संमेलन भरलें. त्यास लॉस एंजेलिसहून आलेलीं फॉरेस्ट ॲकरमन व मर्टल डग्लस हीं दोघें भविष्यकाळांतील मनुष्यांचा पोषाख करून हजर राहिलीं. १९३६ सालीं निघालेल्या ‘थिंग्ज टु कम’ या चित्रपटांतील वेषांचा त्यावर परिणाम झालेला होता. दोघांचेही कपडे मर्टल डग्लस हिनेंच तयार केले होते. परंतु पुढें पुष्कळ वर्षें नांव झालें तें ॲकरमनचें. शिवणाऱ्या हाताचें मोल ओळखणें हाही सौजन्याचा एक भाग आहे, आणि या इतिहासाच्या पहिल्याच पानावर त्याचा विसर पडलेला दिसतो. पुढच्याच वर्षीं, १९४० सालीं, शिकागोच्या संमेलनांत वेषधाऱ्यांचा स्वतंत्र कार्यक्रम झाला आणि चाल रुळली.

त्यानंतर १९७० सालीं अमेरिकेंत सान दियेगो येथें चित्रकथांचें संमेलन सुरू झालें. आज तेथें एका वेळीं सव्वा लाखाहून अधिक लोक जमतात. तोक्यो येथील ‘कॉमिकेट’ हा मेळा १९७५ पासून भरत आला आहे. भारतांत या धर्तीचें संमेलन २०११ सालीं प्रथम दिल्लींत आणि त्याच वर्षीं मुंबईंत भरलें. तेव्हांपासून मराठी घरांतील मुलेंमुलीही कागद, फोम, कापड आणि डिंक यांचा पसारा घालून रात्री जागवूं लागलीं आहेत. हें काय चाललें आहे, असा प्रश्न वडील मंडळींस पडणें स्वाभाविक आहे.

प्रथम वेषाच्या घडणीकडे पाहूं. लोखंडी दिसणारें चिलखत बहुधा फोमचें असतें. चपलांच्या तळव्यास जो हलका फोम लावतात, त्याच प्रकारचा फोम सुरीनें कापून, गरम हवेच्या झोतानें वाकवून व वर रंग देऊन हें चिलखत बनवितात. गरम केल्यावर मऊ होणारें आणि थंड झाल्यावर ताठ होणारें प्लास्टिकही वापरतात. सांधे जोडण्यास, चांभार चप्पल चिकटवितांना वापरतो तसलें उग्र वासाचें द्रावण लागतें. हें काम बंद खोलींत करूं नये, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फोम घांसतांना उडणारी बारीक पूड नाकातोंडांत जाऊं नये म्हणून योग्य मुखपट्टी बांधावी. या सूचना नवख्यास क्षुल्लक वाटतात, आणि जाणते कारागीर मात्र त्या प्रथम सांगतात. खर्चाचें म्हणाल तर, सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरते. एका वेषावर कित्येक महिने श्रम आणि बरीच रक्कम सहज खर्ची पडते. म्हणून जुना सदरा उसवून, आईची जुनी साडी मागून, पुठ्ठ्यावर रंग चढवून केलेला वेष हा हिणवण्याचा विषय नव्हे. बाजारांतून तयार आणलेल्या वेषापेक्षां अशा वेषांत कल्पकता पुष्कळदां अधिक असते.

दुसरा प्रश्न शरीराचा. चित्रकारास पात्राच्या खांद्यावर हवी तेवढी मोठी ढाल रेखाटतां येते. तें पात्र तहानेलें होत नाहीं, त्यास जिना चढावा लागत नाहीं आणि दाराच्या चौकटींत त्याचे पंख अडकत नाहींत. माणसाचें तसें नाहीं. फोम उष्णता आंत कोंडून धरतो, कृत्रिम केसांच्या टोपाखालीं डोकें तापतें, आणि मुखवट्याच्या लहानशा भोकांतून समोरचें थोडें दिसलें तरी पायांजवळचें मूल दिसत नाहीं. कॉमिकेट वर्षांतून ऑगस्ट व डिसेंबर अशा दोन वेळां भरतो; पैकीं ऑगस्टांत तोक्योची हवा मुंबईच्या मे महिन्याप्रमाणें दमट व उष्ण असते. अशा हवेंत घेरी येणें ही थट्टेची गोष्ट नव्हे. यासाठीं अनुभवी लोक शिरस्त्राणांत बॅटरीवर चालणारा लहान पंखा बसवितात, वेषाखालीं घाम शोषणारे कपडे घालतात, वरचेवर पाणी पितात, आणि मुख्य म्हणजे साध्या कपड्यांतील एक मित्र बरोबर ठेवतात. वाट दाखविणें, पाण्याचा पेला तोंडाशीं धरणें, निसटलेला पट्टा बांधणें आणि वेषधारी थकला असें दिसतांच त्यास बाजूस नेऊन बसविणें हें या मित्राचें काम. प्रसिद्धि त्याच्या वाट्यास येत नाहीं. पण तो नसेल तर मोठमोठे वीरही दाराशींच अडून राहतात. वेष एकट्यास लवकर उतरवितां येतो कीं नाहीं, त्यांत बसतां येतें कीं नाहीं, शौचास जातां येतें कीं नाहीं, हें घरींच एकदां पाहून घ्यावें.

डोळ्यांच्या बाबतींत तर विशेष जपलें पाहिजे. पात्राचे डोळे तांबडे किंवा जांभळे असले म्हणजे बुबुळावर रंगीत भिंग बसविण्याचा मोह होतो. हीं भिंगें डोळ्यास न बेतलेलीं, अस्वच्छ किंवा एकमेकांचीं उसनीं घेतलेलीं असतील तर बुबुळास ओरखडे पडून जंतुसंसर्ग होतो, आणि दृष्टि कायमची अधू होण्याचें भय असतें. अमेरिकेंत २००५ च्या कायद्यानें केवळ शोभेचीं भिंगेंही वैद्यकीय साधनांत गणलीं, आणि तज्ज्ञाच्या चिठ्ठीवांचून तीं विकण्यास बंदी केली. कायदा असो वा नसो, एका दिवसाच्या सोंगासाठीं जन्माचे डोळे पणास लावूं नयेत. तोंडास लावावयाचे रंगही आधीं हाताच्या त्वचेवर लावून पाहणें शहाणपणाचें असतें.

तिसरा प्रश्न शेजाऱ्याच्या सोयीचा. संमेलनाच्या नियमांच्या याद्या कोरड्या दिसतात. परंतु त्यांतील अनेक कलमांच्या मागें एखादी घडलेली गोष्ट उभी असते. १९७२ सालीं लॉस एंजेलिसच्या जागतिक संमेलनांत स्कॉट शॉ या व्यंगचित्रकारानें एक किळसवाणें पात्र उभें करण्यासाठीं सर्वांगास पीनट बटर, म्हणजे शेंगदाण्यांचें लोणी, थापलें. दिव्यांच्या उष्णतेनें त्यास वास मारूं लागला, आणि आसनांस व इतरांच्या मेहनतीनें शिवलेल्या वेषांस तें चिकटलें. तेव्हांपासून ‘शेंगदाण्यांचें लोणी लावूं नये’ असा नियम तेथें झाला. नियम ऐकून हसूं येतें; पण ज्याच्या रेशमी झग्यास डाग पडला असेल त्यास हसूं आलें नसेल. आपल्या वेषाची झळ दुसऱ्यास लागूं नये, हें त्याचें तात्पर्य आहे.

शस्त्रांची कथा याहून गंभीर आहे. वीराच्या हातीं खड्ग किंवा बंदूक नसेल तर वेष अपुरा वाटतो. परंतु लांकडी व खऱ्या शस्त्रांतील भेद दुरून कळत नाहीं. २०१७ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील फिनिक्स शहरीं अशाच एका संमेलनांत भरलेलीं खरीं शस्त्रें घेऊन एक मनुष्य आंत शिरला. सुदैवानें पोलिसांनीं त्यास वेळींच पकडलें. पण त्यानंतर चालकांनीं खोट्या शस्त्रांसही सरसकट बंदी केली, आणि कसून तपासणी सुरू होऊन लांबच लांब रांगा लागल्या. महिनेन् महिने खपून केलेलीं निरुपद्रवी आयुधें कित्येकांस घरीं ठेवावीं लागलीं. एकाच्या अविचारानें सर्वांचा विश्वास कसा उणावतो, याचें हें उदाहरण होय. अनेक ठिकाणीं प्रत्येक आयुध प्रवेशद्वारीं तपासून त्यास ओळखीची पट्टी बांधतात आणि तरवार म्यानांतून निघूं नये असें बंधन घालतात. तें बंधन अपमान समजूं नये. त्यामुळेंच इतरांस निर्धास्तपणें जवळ येतां येतें.

याच विचारानें कॉमिकेटमध्यें घरून वेष घालून येण्यास आणि तसाच परत जाण्यास मनाई आहे. तेथें वेष बदलण्यासाठीं निराळ्या खोल्या असतात. साध्या कपड्यांत यावें, आंत वेष करावा, आणि जातांना पेटी भरून पुन्हां साध्या कपड्यांत निघावें. आगगाडींतील उतारूंनीं संमेलनाचें तिकीट काढलेलें नसतें. त्यांच्या डब्यांत राक्षस नेण्याचा आपणांस अधिकार नाहीं, असा त्यामागील विवेक आहे.

आतां सर्वांत नाजूक प्रश्न. वेषधारी सुंदर दिसला म्हणजे पाहणाऱ्याचा हात छायाचित्राच्या यंत्राकडे जातो, आणि कधीं कधीं वेषाकडेही जातो. कोणी न विचारतां पाठीमागून छायाचित्र घेतो, कोणी शेपटी ओढतो, कोणी खांद्यावर हात टाकतो, कोणी मुलीचा वेष आंखूड आहे एवढ्यावरून वाटेल तें बोलतो. स्त्रियांनीं या त्रासाच्या तक्रारी वर्षानुवर्षें केल्या, आणि ‘असा वेष करून यावेंच कशाला’ हें उत्तर त्यांनीं वर्षानुवर्षें ऐकलें. अखेर २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन संमेलनांत ठळक फलक उभारण्यांत आले. वेष केला म्हणजे संमति दिली असें होत नाहीं, असा त्यांचा आशय होता. ‘छायाचित्र घेऊं कां?’ हा लहानसा प्रश्न विचारावा, ‘नाहीं’ हें उत्तर हंसतमुखानें स्वीकारावें, आणि न विचारतां अंगास अथवा वेषास हात लावूं नये, एवढीच ही शिकवण आहे. जपानमध्येंही छायाचित्रणासाठीं ठराविक जागा असतात आणि अवमानकारक कोनांतून चित्र घेण्यास मज्जाव असतो. नाटकांत जें काम पडदा करतो, तें येथें प्रत्येकाच्या संयमानें करावें लागतें.

संयम डोळ्यांप्रमाणें जिभेसही हवा. पात्र सडपातळ असतें आणि त्याचा वेष करणारी व्यक्ति स्थूल असते. पात्र तरुण असतें आणि वेषधारी पन्नाशीचा असतो. पात्र पुरुष असतें आणि वेष मुलीनें केलेला असतो. ज्या महाराष्ट्रानें बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या, त्यास यांत नवल वाटूं नये. पात्रावरील प्रेमास वजन, वय वा लिंग यांची अट नसते. मात्र वेषधाऱ्यासही एक पथ्य आहे. दुसऱ्या वंशाच्या माणसाचें रूप घेण्यासाठीं तोंडास काळा-सांवळा रंग फांसूं नये; कारण ज्यांच्या वर्णाची पिढ्यान् पिढ्या हेटाळणी झाली, त्यांस तें खेळासारखें वाटत नाहीं. वेष आणि केशरचना यांनींच पात्र ओळखूं येतें. कातडी बदलण्याची गरज पडत नाहीं.

घरांतील मुलानें किंवा मुलीनें असा बेत काढला, तर वडील मंडळींनीं प्रथम रागावूं नये आणि प्रथम पैसेही देऊं नयेत. खर्च किती, बरोबर कोण, पाणी कोण देणार, पायांत काय घालणार, वेष कोठें बदलणार, आणि कोणी त्रास दिला तर कोणाकडे जाणार, हे सहा प्रश्न विचारावेत. उत्तरें नीट आलीं तर सुईंत दोरा ओंवून द्यावा. या खटाटोपांत मोजमाप, शिवण, रंगकाम, काटकसर आणि दहा जणांबरोबर वागण्याची रीत हीं एकाच वेळीं शिकलीं जातात. एखाद्या शाळेच्या वर्गांतही इतक्या गोष्टी एकत्र साधत नाहींत.

सोंग कितीही हुबेहूब वठलें तरी त्याच्या आंत एक माणूस असतो. त्यास उकडतें, तहान लागते, लाज वाटते आणि दाद मिळाली म्हणजे आनंदही होतो. वेष करणाऱ्यानें हें स्वतःविषयीं विसरूं नये, आणि पाहणाऱ्यानें त्याच्याविषयीं विसरूं नये. मग रंगभूमि नसली आणि पडदा नसला तरी खेळ सुखरूप पार पडतो.