रमाबाई नगरचा इतिहास कोण लिहिणार?

घाटकोपर पूर्वेला द्रुतगती महामार्गाला खेटून असलेली माता रमाबाई आंबेडकर नगर ही वस्ती आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकांचे सोयरे-धायरे तिथे आहेत, कित्येकांच्या मुली तिथे नांदायला गेल्या आहेत. ही वस्ती आता उठते आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी मिळून रमाबाई नगर व शेजारच्या कामराज नगरचा पुनर्विकास हाती घेतला असून सोळा हजारांहून अधिक कुटुंबांना पक्की घरे देण्याची ही योजना आहे. भाड्याचे धनादेश घेऊन लोक ज्याला जिथे परवडेल तिथे राहायला निघाले.

पक्के घर मिळावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. नळाच्या रांगेत आणि नाल्याच्या पाण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना झोपडीचे गोडवे सांगायला आम्ही जाणार नाही. पण घर रिकामे करताना काय काय टाकून दिले जाते ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. भंगारवाल्याच्या हातगाडीवर पत्रे, मोरीची फरशी, तुटका पंखा, आणि त्याखाली दोऱ्याने बांधलेला कागदांचा गठ्ठा. त्यात जुन्या परिणय पत्रिका होत्या, भीमजयंती मंडळाच्या पावतीपुस्तकाची स्थळप्रत होती, एक स्मरणिका होती. किलोच्या भावाने ते सारे चालले होते. म्हणून हा लेख.

आपला इतिहास म्हटला की आपण महाडला, नाशिकला, नागपूरला जातो. ते योग्यच आहे. पण ज्या गल्लीत आपण राहिलो तिचाही इतिहास असतो, आणि तो लिहिण्याची परंपरा आपल्यात नाही असे कोणी म्हणू नये. वसंत मून यांचे नाव आपल्याला बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या शासकीय खंडांचे संपादक म्हणून ठाऊक आहे. त्यांनी १९९५ साली ‘वस्ती’ हे पुस्तक लिहिले, ते नागपुरातल्या आपल्या महारपुऱ्यावर. एका मोहल्ल्याने चळवळ कशी पोसली ते त्यातून कळते.

त्याच्याही आधी, १९८९ साली, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. बाबासाहेबांच्या चळवळीत ज्या स्त्रिया सभांना गेल्या, सत्याग्रहाला बसल्या, त्यांना या दोघींनी शोधून काढले, त्यांच्यासमोर बसून त्यांचे बोल टिपून घेतले. तोवर त्या बायांची नावे पुष्कळशी त्यांच्या नातवंडांनाही माहीत नव्हती! दोघींनी आणखी काही वर्षे उशीर केला असता तर त्यातल्या किती जणी सांगायला उरल्या असत्या, याचा विचार वाचकांनीच करावा.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. घरच्या छोट्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता त्या लिहीत आणि लिहिलेले कागद घरच्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून दडवून ठेवीत. वर्षानुवर्षे ते तसेच राहिले. पुढे ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः आले आणि १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले. महारवाड्यातल्या बाळंतिणीचे हाल, सासुरवास, उपासमार, आणि त्याच महारवाड्यात बाबासाहेबांच्या शब्दाने आलेली जाग, हे विद्यापीठातला कोणी लिहू शकला नसता. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या बाईने ते लिहिले.

अलीकडे विद्यापीठातही आपली माणसे पोहोचली आहेत. पुण्याच्या येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या शैलजा पाईक आज अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचे त्यांचे पुस्तक २०१४ साली आले. त्यासाठी त्यांनी पुण्या-मुंबईतल्या आपल्या आयाबहिणींच्या मुलाखती घेतल्या. २०२४ साली त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. जुनैद शेख यांनीही मुंबई शहर आणि इथला दलित कामगार यांवर २०२१ साली ग्रंथ लिहिला. आनंदाची गोष्ट आहे. मात्र हे ग्रंथ इंग्रजीत, आणि किंमत अशी की आमच्या वाचकाने आठवड्याच्या बाजारहाटाचा विचार करूनच हात घालावा. ज्यांच्या तोंडून माहिती घेतली त्यांच्या घरात ते पुस्तक पोहोचत नाही, हे काही बरे नाही. ते मराठीत आणण्याचे काम आपल्या शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यायला हवे.

आपल्याकडे इतिहासाचे आणखी एक साधन आहे, त्याला आपण साहित्य मानीत नाही. ते म्हणजे स्मरणिका. गावच्या मुंबई मंडळाची, विहाराच्या वर्धापनदिनाची, जयंती उत्सव समितीची. शुभेच्छुकांच्या जाहिरातींच्या मधोमध दोन पाने अशी सापडतात, की विहाराची जागा कशी मिळाली, पहिली मूर्ती कुठून आणली, पहिला वर्षावास कोणत्या साली झाला, हे सगळे त्यात असते. पण आमची एक तक्रार आहे. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार यांचे फोटो पानभर. आणि ज्या बायांनी दारोदार फिरून रुपया-रुपया जमवला, डोक्यावरून विटा वाहिल्या, त्यांचे नाव शोधून सापडत नाही. पुढची स्मरणिका काढणाऱ्यांनी निदान एक पान महिला मंडळाच्या हाती द्यावे.

इतिहास लिहून पोट भरते का, असे काही जण विचारतात. त्यांना ऑस्ट्रेलियातली एक हकिगत सांगावीशी वाटते. त्या देशाच्या उत्तरेला मरे नावाचे लहानसे बेट आहे. तिथले मूळ रहिवासी मेरियम लोक. त्यांच्यातला एडी माबो हा मोठ्या शहरात एका विद्यापीठात माळीकाम करीत असे. आपल्या बापजाद्यांची जमीन कायद्याने आपली नाही, सरकारची आहे, हे त्याला तिथे कळले. १९८२ साली तो व त्याचे सोबती कोर्टात गेले. पुरावा काय दिला? कोणत्या घराण्याची बाग कुठे सुरू होते, कुठे संपते, आजोबांनी ती कोणाला दिली, हे त्या लोकांनी साक्षीत सांगितले. घरोघरी तोंडी चालत आलेला इतिहास दहा वर्षे कोर्टात उभा राहिला, आणि ३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. माबो तो ऐकायला नव्हता; चारच महिन्यांपूर्वी तो वारला होता.

आपल्याकडेही १९७६ च्या झोपडपट्टी गणनेचा फोटोपास ज्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला त्याचे काम झाले, ज्याचा पावसात भिजला त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. हा अनुभव कोणाला नाही?

रमाबाई नगरचा एक दिवस मात्र लिहिला गेला आहे. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, लोक रस्त्यावर आले, आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी मुलुंडला शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गुंडेवार आयोग बसला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे खपून ‘जयभीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ साली पुरा केला, त्यात शाहीर घोगरे आहेत, वस्ती आहे, तिची गाणी आहेत. तो ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा.

परंतु वस्तीचा एकच दिवस लिहिला गेला. त्याआधीची पंचवीस वर्षे? १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून माणसे मुंबईत आली ती कोणाच्या आधाराने? पहिला नळ कोणी आणला? गायन पार्टीत पेटी कोण वाजवीत असे? शाळेत नाव घालताना मास्तरांनी काय विचारले? घाटकोपर पश्चिमेला चिरागनगरच्या झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी लेखन केले, ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तेव्हा ते रोज कोणत्या नळावर पाणी भरीत हे सांगणारे शेजारी आता किती उरले असतील?

७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून असंख्य लोकांनी दीक्षा घेतली. आईच्या कडेवर किंवा बोट धरून जे तिथे होते ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. आपल्या घरात असे कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. शंभर पानी वही पुरे. मोबाईलवर बोलणे भरून घेतले तरी चालेल, पण नंतर ते वहीत उतरवा; मोबाईल बिघडतो. त्यांना मोठमोठे प्रश्न विचारू नका. गाव कोणते, कोणत्या गाडीने आलात, पहिली रात्र कुठे काढली, पहिली मजुरी किती, असे विचारा. बाकी ती स्वतःच सांगतील. आणि सुनेने सासूला विचारावे, असे आम्ही मुद्दाम सुचवतो. लेकाला जे सांगत नाहीत ते सुनेला सांगतात, असा आमचा अनुभव आहे.

हातगाडीवरचा तो गठ्ठा आम्ही वीस रुपयांना घेतला. स्मरणिकेत एक फोटो ठेवलेला सापडला. विहाराच्या अर्ध्या बांधलेल्या भिंतीसमोर पांढऱ्या लुगड्यांतल्या अकरा बाया. मागे नावे नाहीत. गल्लीतल्या एका आजींना तो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिले आणि सात जणी ओळखल्या. ती सात नावे आम्ही पेन्सिलीने मागे लिहिली आहेत. उरलेल्या चौघींसाठी आजींनी आम्हांला कळव्याला राहायला गेलेल्या त्यांच्या मैत्रिणीचा पत्ता दिला आहे.