तमाम लोकांस कळविण्यात येते की…

आमच्या गावच्या चार पानी साप्ताहिकाचे शेवटचे पान आधी उघडले जाई. तिथे जाहीर नोटिसा असत. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे अमुक येथील गट नंबर तमुक ही मिळकत आमच्या अशिलाने खरेदी करण्याचे ठरविले आहे…’ कुणाची जमीन चालली, कोणत्या भावाची हरकत येणार, कुणाचा सातबारा अडकला, हे सगळे त्या दहा ओळींत असे आणि त्यावरची चर्चा चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत पुरे. अग्रलेख बहुधा कुणी वाचत नसे. संपादकांनाही ते ठाऊक होते. तरी ते दर आठवड्याला नेमाने जगाच्या राजकारणावर लिहीत.

ते साप्ताहिक आजही निघते. किती निघते, हे मात्र विचारायचे नाही.

मोबाइलने छापील पेपर मारला, असे सरसकट म्हटले जाते. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या पेपरांपुरते ते अर्धेच खरे आहे. मोबाइल हातात आला तेव्हा रोगी आधीच खाटेवर होता.

मराठी वृत्तपत्राचा जन्म मुंबईतला. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. पण छापखाना फार काळ मुंबईत अडकून पडला नाही. ‘ज्ञानोदय’ 1842 साली अहमदनगरला सुरू झाले. मला सर्वांत नवल वाटते ते ‘दीनमित्र’चे. मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये हाती घेतलेले हे सत्यशोधक विचारांचे साप्ताहिक नेवासे तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यातून निघत राहिले, ते थेट 1967 पर्यंत. जिल्ह्याचे ठिकाण नाही, तालुक्याचेही नाही. पेपर काढायला शहर लागते, ही समजूत या माणसाने पन्नासहून अधिक वर्षे खोटी पाडली.

आज ज्यांना आपण मोठी वृत्तपत्रे म्हणतो, त्यांतली कितीतरी मुळात गावचीच. बेळगावात बाबूराव ठाकूरांनी 1919 मध्ये ‘तरुण भारत’ काढले. कोल्हापुरात ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ 1939 पासून दैनिक झाला. ‘लोकमत’ हे यवतमाळचे साप्ताहिक. जवाहरलाल दर्डा यांनी 1971 मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक केले. पुढे गावच्या पेपरांचा श्वास कोंडला तो गावातूनच वाढलेल्या अशा पेपरांमुळे.

त्याची एक कडी न्यायालयात सापडते. केंद्र सरकारने 1956 मध्ये कायदा केला आणि 1960 मध्ये त्याखाली आदेश काढला: अमुक किमतीच्या दैनिकाने अमुकच पाने द्यायची. स्वस्तात जाडजूड अंक देऊन मोठ्यांनी छोट्यांना चिरडू नये, असा हेतू सांगितला गेला. पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियंत्रण घटनाबाह्य ठरवले. निकाल योग्यच होता. सरकारच्या हाती पाने मोजायची फूटपट्टी दिली, की ते उद्या शब्दही मोजणार. पण छोट्या पेपरांभोवती घालू पाहिलेले कुंपण त्या दिवशी गेले, हेही खरे.

मग आल्या आवृत्त्या. ‘लोकमत’ 1977 मध्ये जळगावला आणि 1982 मध्ये औरंगाबादला गेला, ‘सकाळ’ 1980 मध्ये कोल्हापूरला. ऑफसेट छपाई होतीच, पुढे फॅक्स आणि संगणक आले आणि प्रत्येक जिल्ह्याला आपापले पान मिळाले. वाचकाला एकाच पैशात दिल्ली, क्रिकेट, रविवारची पुरवणी आणि शेजारच्या ग्रामपंचायतीची भांडणेही मिळू लागली, तर तो गावच्या पेपरचे वेगळे पैसे कशाला देईल? वाचकाच्या मागोमाग साडीच्या दुकानाची जाहिरात गेली आणि जाहिरातीच्या मागोमाग गावचा हुशार वार्ताहर. निजामी राजवटीशी झगडलेले आणि नंतर अनंत भालेरावांच्या काळात मराठवाडा विकासाच्या मागणीचे बळ बनलेले ‘मराठवाडा’ बंद पडले, तेव्हा कुणाच्या खिशात स्मार्टफोन नव्हता.

फ्लेक्सचे पापही मोबाइलच्या माथी मारले जाते. नेत्याचा वाढदिवस हे छोट्या दैनिकाचे सुगीचे दिवस असत; पुरवणीत पानेच्या पाने ‘शुभेच्छुक’ दाटीवाटीने उभे असायचे. संगणकावर छापलेला स्वस्त फ्लेक्स आला आणि ही गर्दी चौकात जाऊन लटकली. फ्लेक्स महिनाभर दिसतो, शिवाय फोटोत कार्यकर्त्याचा चेहरा हवा तेवढा मोठा करता येतो. पेपर संध्याकाळी भजी बांधायला जातो. कार्यकर्त्याने हिशेब बरोबर केला होता.

या पेपरांचे फार गोडवे गाण्यात अर्थ नाही. जाहिरात मिळवायला बातमी लावणारे आणि जाहिरात मिळाली की बातमी गाळणारे संपादक मी पाहिले आहेत. वार्ताहराला पगार नसे. जाहिरातीवरचे कमिशन हाच पगार. ज्याच्याकडून दिवाळीला पान घ्यायचे, त्या साखर कारखान्याच्या काट्याबद्दल तो काय लिहिणार? तरी एक गोष्ट होती. लिहिणारा त्याच गावात राहत असे. नाव चुकले, जात चुकली, मेलेल्याऐवजी जिवंत माणसाचा फोटो श्रद्धांजलीत छापला गेला, तर सकाळी नऊच्या आत कुणीतरी छापखान्याच्या पायरीवर उभे असे. पुढच्या अंकात चौकटीत खुलासा येई. अंकाच्या तळाशी मुद्रक, प्रकाशक, छापखान्याचा पत्ता हे सारे छापणे 1867 च्या कायद्यापासून बंधनकारक होते. इंग्रजांनी ते पकडापकडीच्या सोयीसाठी केले असेल. गावाला ते भांडायला उपयोगी पडले.

मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येक गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप बनला. निधन, दशक्रिया, एसटी बंद, बिबट्या दिसला, सगळे तिथे आधी. त्यावर मुद्रक-प्रकाशकाची ओळ नसते. ‘फॉरवर्डेड’ एवढाच पत्ता. बिबट्या शेजारच्या तालुक्यातला की तीन वर्षांपूर्वीचा, हे विचारायला कुणाच्या पायरीवर जायचे?

कागदाने वेगळेच छळले. वृत्तपत्राच्या कागदावर 2019 मध्ये 10 टक्के आयात शुल्क लागले, पुढच्या वर्षी ते 5 टक्क्यांवर आले. 2020 च्या टाळेबंदीत तर राज्य सरकारने काही दिवस घरोघरी पेपर टाकण्यालाच मनाई केली. पेपरला विषाणू चिकटतो, या भीतीने लोकांनी अंक बंद केले आणि पहाटे सायकलवरून लाईन टाकणारी पोरे दुसऱ्या कामाला लागली. त्यांतली बरीच परत आली नाहीत. त्यानंतर युक्रेनचे युद्ध पेटले आणि कागद पुन्हा भडकला. मोठ्यांनी पाने कमी केली. चार पानांच्या पेपराने काय कमी करायचे?

मग हे पेपर जगतात कशावर? पुन्हा शेवटच्या पानावर. भूसंपादनाच्या 2013 च्या कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचना त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत द्यावी लागते आणि त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. बँकेने थकबाकीदाराच्या घराचा ताबा घेतला, तरी कब्जा सूचना दोन वृत्तपत्रांत येते. त्यात कोर्टाच्या नोटिसा, नगरपालिकेच्या निविदा आणि शासनाच्या यादीवर अ, ब किंवा क वर्गात नाव असले तर मिळणाऱ्या सरकारी जाहिराती. काही अंक आता फाईलपुरतेच छापले जातात: यादीला एक, वकिलाला एक, कार्यालयाला एक. ‘तमाम लोकांस’ कळवणारी नोटीस तमाम लोकांपर्यंत पोहोचत नाही. कायद्याचे समाधान मात्र होते. शेतकऱ्याची जमीन महामार्गात जात असल्याचे त्याला मोजणीचे लोक बांधावर आल्यावर समजते.

बातमीदारी अगदीच संपलेली नाही. तालुक्या-तालुक्यात यूट्यूब चॅनेल निघाले आहेत, माइकवर नावाचा ठोकळा लावून पोरे ग्रामसभेत घुसतात आणि कधीकधी पेपरने दहा वर्षांत विचारले नसतील असे प्रश्न विचारतात. मला त्यांचे कौतुक वाटते. पण चॅनेल बंद पडले, खाते उडाले, संकेतस्थळाचे पैसे भरायचे राहिले, की सगळे जाते. छापील अंकाची एक प्रत वाचनालयात उरते, तिचे कोपरे झडतात, वाळवी लागते, तरी ती उरते.

गेल्या उन्हाळ्यात गावच्या वाचनालयात बसलो होतो. एक तरुण वकील आला आणि केव्हाच बंद पडलेल्या एका साप्ताहिकाची 1987 ची फाईल मागू लागला. ग्रंथपालांनी माळ्यावरून बासन काढले. धूळ झटकत दोघांनी पाने उलटली. वाटणीच्या दाव्यात आजोबांनी दिलेली नोटीस हवी होती. ती सापडली, शेवटच्या पानावर, अस्थमाच्या औषधाच्या जाहिरातीखाली. वकिलाने खिशातून मोबाइल काढून तिचा फोटो घेतला. निघता निघता परत वळला आणि म्हणाला, “काका, खालची ती मुद्रक-प्रकाशकाची ओळ पण घेऊ द्या. कोर्ट ती विचारतं.”