‘नको’ म्हणणारे स्कॉटिश

आधी आपल्याच दोन शब्दांची अडचण

ब्रिटनमधून आलेल्या प्रत्येकाला मराठीत आपण ‘इंग्रज’ म्हणत आलो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन इंग्रज, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही इंग्रज. प्रत्यक्षात दोघेही स्कॉटिश. ज्यांच्या १९३२च्या जातीय निवाड्यामुळे येरवड्याला गांधीजींचे उपोषण आणि मग पुणे करार झाला, ते पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्डही लॉसीमाउथ या स्कॉटलंडमधल्या मच्छीमारांच्या गावचे.

दुसरा शब्द ‘स्वातंत्र्य’. तो ऐकला की आपण मागणाऱ्याच्या बाजूने उभे राहतो, ‘स्वातंत्र्य नको’ म्हणणारा आपल्याला लाचार वाटतो. स्कॉटलंडमध्ये अशा माणसाला युनियनिस्ट म्हणतात. तो सांगतो, आमची वसाहत कधी झाली नव्हती. राज्य करणाऱ्यांत आम्हीही होतो, त्यातल्या पापाचेही वाटेकरी आहोत. मी स्कॉटिश आहे आणि ब्रिटिशही, यातले एक मला सोडायला का लावता? मला त्याचे हे म्हणणे पटते.

१७०७ साली काय ठरले

स्कॉटलंड आणि इंग्लंडचा राजमुकुट १६०३ पासूनच एक होता. संसदा एक झाल्या १७०७ साली. पनामाजवळच्या डेरियन इथे वसाहत करण्याचा स्कॉटलंडचा डाव तेव्हा नुकताच पार फसला होता आणि देशातले बरेचसे भांडवल त्यात बुडाले होते. संसदा एक करणारा हा करार लोकप्रिय नव्हता, एडिंबराच्या रस्त्यांवर त्याविरुद्ध दंगे झाले. पण स्कॉटलंडची न्यायव्यवस्था, चर्च आणि शाळा वेगळ्याच राहिल्या, त्या आजही वेगळ्या आहेत. १९९९ पासून एडिंबरात स्वतःची संसदही आहे. आरोग्य, शिक्षण, पोलीस तिच्याच हाती. घर एक, चुली दोन, अशी ही व्यवस्था आहे.

नोटेमागची हमी

स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे का, या प्रश्नावर १८ सप्टेंबर २०१४ला झालेल्या सार्वमतात ५५.३ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले. मतदान ८४.६ टक्के झाले, सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मत होते. ग्लासगो आणि डंडी ही शहरे ‘हो’ म्हणाली. हा निकाल समजून घ्यायला स्कॉटलंडची एखादी नोट हातात घेऊन पाहावी.

तिथे तीन व्यापारी बँका स्वतःच्या नोटा छापतात. बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर कादंबरीकार वॉल्टर स्कॉट आहेत. नोट स्कॉटिश, पौंड मात्र सगळ्या ब्रिटनचा. या नोटांना तितक्याच किमतीचा आधार ठेवावा लागतो. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडकडे खास नोटा असतात, काही दहा लाख पौंडांच्या आणि काही दहा कोटींच्या. त्या कधी बाजारात येत नाहीत. खिशातल्या स्कॉटिश नोटेवरचा भरवसा असा लंडनपर्यंत पोचतो.

२०१४ मध्ये स्वातंत्र्यवाद्यांचे म्हणणे होते की वेगळे झालो तरी पौंड सामायिक ठेवू. लंडनने साफ नकार दिला. मग चलन कोणते, या प्रश्नाला मतदानाच्या दिवसापर्यंत पक्के उत्तर मिळाले नाही. पगार, गृहकर्ज, निवृत्तिवेतन सगळे ज्या चलनात, त्याचाच पत्ता नसेल तर माणूस बिचकणारच. ‘नाही’च्या प्रचाराला विरोधकांनी भीतीचा बाजार म्हटले. त्यात भीती दाखवणे होतेच, पण हा प्रश्न खरा होता.

त्या प्रचाराचे नेते होते अ‍ॅलिस्टर डार्लिंग, एडिंबराचे खासदार. २००८ साली ते ब्रिटनचे अर्थमंत्री असताना एडिंबरातलीच रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड कोसळायला आली. तिचा ताळेबंद स्कॉटलंडच्या वार्षिक उत्पन्नाच्या कितीतरी पट होता. ब्रिटनच्या तिजोरीतून सुमारे ४५ अब्ज पौंड घालून ती सावरली. वाटून घेतलेला धोका म्हणजे काय, हे डार्लिंग यांनी अनुभवाने सांगितले.

नव्या देशाच्या उत्पन्नासाठी ज्यावर भिस्त होती, त्या तेलाचेही तसेच. स्वातंत्र्याच्या आराखड्यात पिंपाला सुमारे ११० डॉलर भाव धरला होता आणि वेगळे होण्याची तारीख होती २४ मार्च २०१६. त्या वर्षीच्या जानेवारीत भाव ३० डॉलरच्या खाली गेला. नव्या देशाचा पहिला अर्थसंकल्प त्याच महिन्यांत मांडावा लागला असता.

ट्वीड नदीच्या काठी

बेरिक हे सरहद्दीजवळचे, पण इंग्लंडमधले गाव. मध्ययुगात ते दोन राज्यांमध्ये डझनभर वेळा हस्तांतरित झाले. आज तिथला बेरिक रेंजर्स हा फुटबॉल संघ इंग्लंडचा असूनही स्कॉटिश स्पर्धांत खेळतो. शेजारच्या रस्त्यावर सरहद्दीची एक पाटी आहे, बस. ना नाका, ना तपासणी. स्कॉटलंडबाहेर जाणाऱ्या मालापैकी आणि सेवांपैकी सुमारे साठ टक्के उर्वरित ब्रिटनमध्येच खपतात. स्वतंत्र स्कॉटलंड युरोपीय संघात गेला, तर जकातीची रेषा याच पाटीपाशी येईल.

दुखरी बाजू

इथेच युनियनिस्टाची पंचाईत होते. ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपातली जागा पक्की, असे २०१४ मध्ये त्यानेच सांगितले होते. दोन वर्षांत ब्रिटनने बाहेर पडायचे ठरवले. स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के मतदारांना ते नको होते. फसवणूक झाल्याची ही भावना मला रास्त वाटते. त्यावर तो विचारतो, जेमतेम चार दशकांचे युरोपशी असलेले नाते सोडवताना एवढी ओढाताण झाली, तर तीन शतकांची गाठ सोडवताना काय होईल? मुद्दा बिनतोड आहे, पण दुखावलेल्या माणसाची त्याने समजूत निघत नाही. तरुणांमध्ये ‘हो’चा जोर जास्त आहे, हेही त्याने विसरू नये.

पुन्हा विचारायचे कसे?

लंडनच्या संमतीशिवाय एडिंबराच्या संसदेला सार्वमत घेता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिला. २०२४च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या लंडनच्या संसदेतल्या जागा नऊवर आल्या, आधीच्या वेळी त्या ४८ होत्या. युनियनिस्टांनी सुटकेचा नि:श्वास सोडला. जनमत चाचण्यांत स्वातंत्र्याच्या मागणीला असलेला पाठिंबा मात्र निम्म्याच्या आसपासच राहिला.

लोक स्वखुशीने एकत्र आहेत, हा युनियनिस्टाचा सगळ्यात भक्कम दावा. तो खरा ठरायचा तर बाहेर पडण्याचा रस्ता लिहिलेला हवा. उत्तर आयर्लंडसाठी तो १९९८ च्या शांतता करारात आहे: बहुमत वेगळे व्हायच्या बाजूने असावे असे दिसले की सार्वमत घ्यायचे, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर ठेवायचे. स्कॉटलंडसाठी असा कोणताही नियम नाही. त्याचा मसुदा युनियनिस्टांनीच पुढे होऊन मांडावा, असे मला मनापासून वाटते.