बटणं संगणक दाबेल, हिशोब आपणच तपासू

नाशिकच्या इंदिरानगरमधून आम्ही बोलतोय. आज गटाच्या हिशोबाबद्दल बोलू या. हिशोब लिहायचा कसा, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लिहिलेला हिशोब एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना जी दमछाक होते, ती कमी कशी करायची, ते आज पाहू.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा लेखे म्हणजे वह्याच. २०१५ मध्ये आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आणि झारखंडमधल्या रामगढमध्ये नाबार्डचा ई-शक्ती प्रकल्प सुरू झाला आणि गटांचे हिशोब संगणकावर चढू लागले. आता एकच आकडा आधी वहीत, मग एक्सेलमध्ये आणि पुन्हा एखाद्या फॉर्मच्या चौकटीत भरावा लागतो.

जरा मोजून पाहू. एका ताईकडे दहा गट आहेत, प्रत्येक गटात बारा जणी. म्हणजे १२० बायका. प्रत्येकीची बचत, हप्ता, व्याज आणि बाकी असे चार आकडे धरले, तर झाले ४८० आकडे. एक आकडा न्यायला सहा वेळा बटणं दाबावी लागतात: कंट्रोल-सी करून उचलायचा, ऑल्ट-टॅबने दुसऱ्या खिडकीत जायचं, कंट्रोल-व्हीने ठेवायचा, टॅबने पुढच्या चौकटीत जायचं, पुन्हा ऑल्ट-टॅबने मागे यायचं आणि बाणाने पुढच्या आकड्यावर. ४८० गुणिले सहा म्हणजे २,८८०. दर महिन्याला!

ही सहा पावलं दर वेळी तीच असतात. अशी ठरलेली पावलं संगणकाला एकदा शिकवून ठेवायची आणि नंतर एका इशाऱ्यावर करून घ्यायची, याला मॅक्रो म्हणतात.

सुरुवात कागदावर करा. माऊस बाजूला ठेवा, एक आकडा फक्त बटणांनी नेऊन पाहा आणि कुठलं बटण कधी दाबलं ते क्रमाने लिहा. हा क्रम दहा आकड्यांना जसाच्या तसा लागू पडला, तरच मॅक्रो करण्यात अर्थ आहे.

काम एक्सेलच्या आतलंच असेल, तर एक्सेलमध्येच सोय आहे. 'व्ह्यू'मध्ये 'मॅक्रोज', त्यात 'रेकॉर्ड मॅक्रो'. त्याआधी तिथलंच 'यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस' चालू करा, नाहीतर मॅक्रो दर वेळी त्याच जुन्या चौकटीत जाऊन बसेल. काम एकदा करून दाखवा आणि रेकॉर्डिंग थांबवा. फाईल जतन करताना मॅक्रो चालणारा प्रकार निवडा, म्हणजे एक्सएलएसएम.

एक्सेलमधून दुसऱ्या प्रोग्राममध्ये जायचं असेल, तर हे रेकॉर्डिंग पुरत नाही. त्यासाठी विंडोजवर ऑटोहॉटकी नावाचा मोफत प्रोग्राम मिळतो. त्यात कागदावरचा आपला क्रम एका साध्या फाईलमध्ये लिहायचा असतो. दोन पावलांमध्ये अर्धा-एक सेकंद थांबायलाही सांगायचं. गावात नेट हळू असतं. चौकट उघडायच्या आत मॅक्रो पुढे पळाला, तर आकडा भलतीकडेच पडतो. पहिल्यांदा लिहिताना जाणकार मुलीची किंवा मुलाची मदत घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅक्रो बटणं दाबतो, वाचत नाही. नाव कुणाचं, आकडा कुणाचा, हे त्याला कळत नाही. समजा, या महिन्यात एकीने बचत भरली नाही म्हणून तिची ओळच गाळली. तिच्या खालच्या सगळ्या जणींचे आकडे एकेक ओळ वर सरकतात. हाताने करताना आपण नाव बघून थांबतो. मॅक्रो थांबत नाही, चूक वेगाने शेवटपर्यंत नेतो. एकीने भरलेला हप्ता दुसरीच्या नावावर दिसतो आणि भरणारीच थकबाकीदार ठरते. गटातल्या सदस्यांच्या कर्जाची माहिती बँकांमार्फत सिबिलसारख्या संस्थांपर्यंत जाते. उद्या तिला म्हशीसाठी कर्ज हवं असेल, तर ही एक ओळ आड येऊ शकते.

म्हणून काही गोष्टी पाळा. दोन्हीकडे नावांचा क्रम एकच ठेवा. पैसे आले नाहीत तर ओळ गाळू नका, शून्य लिहा. आधी फाईलची प्रत काढून ठेवा, कारण एक्सेलमध्ये मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल-झेडने मागे जाता येत नाही. आधी तीन ओळींवर चालवून बघा. शेवटचं 'सबमिट' बटण मॅक्रोला देऊ नका, ते आपल्याच बोटाने दाबा. पासवर्ड त्यात कधीच लिहू नका. फाईल उघडणाऱ्या कुणालाही तो वाचता येतो.

आणि बाहेरून आलेली मॅक्रोची फाईल उघडू नका. मॅक्रोतून व्हायरस येतात, म्हणून २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. अडवलेला मॅक्रो कुणी सांगितलं म्हणून चालू करू नका.

काम झालं की वहीतली बेरीज आणि पडद्यावरची बेरीज जुळवा. पण नुसती बेरीज पुरत नाही. दोघींचे आकडे अदलाबदल झाले तरी बेरीज तीच येते. म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येकीचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचा. जिला वाचता येत नाही, तिलाही आपण किती भरले ते ठाऊक असतं. वाचलेला वेळ या वाचनाला द्या.