गाडीसाठी जीपीएस घेताना : आधी नकाशा, मग यंत्र

कापडाचा धंदा हा रस्त्यावर चालणारा धंदा आहे. माग एका गावी, रंगाई-छपाई दुसऱ्या गावी आणि गिऱ्हाईक तिसऱ्या गावी. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या ठिकाणच्या व्यापाऱ्यांची निम्मी चिंता टेंपो वेळेवर पोहोचेल की नाही, हीच असते. म्हणूनच हल्ली बरेच व्यापारी बंधू आम्हाला विचारतात की, गाडीत रस्ता दाखविणारे जीपीएस कोणते बसवावे? आमचे उत्तर थोडक्यात असे की, आपण यंत्र विकत घेत नसून नकाशा विकत घेत आहोत, हे आधी ध्यानात घ्या.

प्रथम एक घोटाळा दूर करू. बाजारात 'जीपीएस' या एकाच नावाने दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक, गाडी कुठे आहे ते मालकाला कळविणारा ट्रॅकर. त्यात सिमकार्ड असते, पडदा नसतो. बस-टॅक्सीसारख्या नव्या प्रवासी वाहनांसाठी १ जानेवारी २०१९ पासून ज्याचा नियम लागू झाला, तो हाच प्रकार. दुसरी वस्तू, चालकाला रस्ता दाखविणारा नॅव्हिगेटर. त्याला पडदा असतो, आवाज असतो. आम्ही एका दुकानात नॅव्हिगेटर मागितला तेव्हा आमच्यासमोर ट्रॅकरच ठेवण्यात आला. तेव्हा दुकानदाराला स्पष्ट सांगा की, मला गाडीवर नजर ठेवायची नसून चालकाला वाट दाखवायची आहे.

आता यंत्र काय करते ते पाहू. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून यंत्र आपली जागा ठरविते. ते फक्त ऐकते, स्वतः काही पाठवीत नाही. त्यामुळे निव्वळ जागा समजण्यासाठी सिमकार्ड, रिचार्ज काही लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी हा संदेश मुद्दाम बिघडवून देत असे आणि शंभर मीटरपर्यंत फरक पडे. आज मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. म्हणजे जागा ओळखण्याचे काम स्वस्त यंत्रही नीट करते. खरा फरक पडतो तो नकाशात.

कापड घेताना आपण ताग्यावरचा शिक्का पाहून थांबत नाही, हाताने पोत पाहतो. नकाशाचीही तशीच पारख करावी. दुकानातच यंत्रावर इगतपुरीहून भिवंडी तालुक्यातील आमणे येथे जाण्याचा रस्ता मागा. समृद्धी महामार्गाचा हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तो रस्ताच दिसत नसेल, तर नकाशा त्याआधीचा समजावा. मग विचारावे की, नवा नकाशा कोण देणार, किती वर्षे देणार आणि पैसे किती पडणार?

ही चौकशी जुन्या यंत्रांबाबत तर अवश्य करावी. २०१० च्या आसपास मॅपमायइंडिया, सॅटगाइड यांची सुटी यंत्रे दुकानांत मिळत असत. पुढे फोनमध्येच नकाशे आले आणि सुट्या यंत्रांचा बाजार आटला. अशी यंत्रे जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळतात. घेण्यापूर्वी ती उघड्यावर नेऊन चालू करा आणि तारीख पाहा. जीपीएसच्या संदेशातील आठवड्यांचा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. मागे तो ६ एप्रिल २०१९ रोजी शून्यावर आला, तेव्हापासून काही जुनी यंत्रे सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवितात. असे यंत्र कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

मग फोन बरा की सुटे यंत्र? फोनवर नकाशा ताजा असतो, पुढे गर्दी आहे की नाही तेही कळते. पण घाटात रेंज गेली की ती सोय थांबते. निघण्यापूर्वी संपूर्ण मार्गाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला, तर रेंज नसतानाही वाट दिसते. मात्र तो अधूनमधून नव्याने उतरवावा लागतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात काचेजवळ लावलेला फोन तापतो, पडदा अंधुक होतो, कधी बंदही पडतो. आणि मुख्य म्हणजे फोन चालकाचा असतो. चालक नोकरी सोडून गेला की, त्याने जपून ठेवलेली सर्व गोदामांची ठिकाणेही त्याच्याबरोबर जातात. सुट्या यंत्रात ती गाडीपाशीच राहतात. सुटे यंत्र मिळत नसेल, तर एक जुना पण चांगला फोन फक्त गाडीसाठी ठेवावा. आमच्या मते लहान व्यापाऱ्याला आज हाच मार्ग परवडणारा आहे.

बाकीच्या गोष्टी लहान पण महत्त्वाच्या. कार आणि लहान टेंपोला १२ व्होल्ट, तर मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. म्हणून दोन्हीवर चालणारा चार्जर घ्यावा. आवाज इंजिनच्या वर ऐकू येईल असा आणि चालकाला समजेल अशा भाषेत असावा. यंत्र डॅशबोर्डवर घट्ट बसवावे, समोरची काच झाकू नये. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालविताना हातातील फोनसारखे यंत्र केवळ मार्ग पाहण्यासाठीच वापरता येते, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. त्यामुळे ठिकाण घालायचे ते गाडी सुरू होण्याआधी.

भिवंडीत गाळा नंबर आणि कंपाउंडचे नाव एवढ्यावर यंत्र अचूक पोहोचवीलच असे नाही. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गोदामाच्या दाराशी उभे राहून अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत, दशांश चिन्हानंतर पाच आकडे. चार आकड्यांत सुमारे अकरा मीटरची ढिलाई राहते, पाच आकड्यांत एकच मीटर. ही यादी पेढीच्या वहीतही ठेवावी. फोन हरवला तरी वही राहते.

आणखी एक गोष्ट. फोनवरचे नेहमीचे नकाशे गाडीची उंची विचारीत नाहीत. गाठी वरपर्यंत रचलेला टेंपो आणि रिकामी मोटार त्यांना सारखीच. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर चालणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये उंची आणि वजन भरता येते, पण पुलाखालची उंची कोणी नोंदविली असेल तरच त्याचा उपयोग. तेव्हा माल भरल्यावर टेपने उंची मोजा आणि तो आकडा चालकासमोर चिकटवा.

आता मालकांसाठी दोन शब्द. जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात कोतूळजवळ रात्री नकाशा पाहत निघालेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. सोबतचे दोघे पोहून बाहेर आले, चालक मात्र बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगा नदीत पडून तिघे ठार झाले. दोन्ही ठिकाणी नकाशात रस्ता होता, जमिनीवर नव्हता.

अंधारात चालकाला शंका येते, पण पेढीवर डिझेलचा आणि उशिराचा हिशेब द्यावा लागेल या धास्तीने तो गाडी पुढे रेटतो. म्हणून यंत्र गाडीत बसवाल त्या दिवशी चालकाला समोर बसवून सांगा : यंत्र काहीही म्हणो, पुढे पाणी दिसले, रस्ता अनोळखी वाटला, तर थांब, उतर, माणसाला विचार आणि वाटल्यास परत फिर. दहा किलोमीटरचे डिझेल पेढीच्या खात्यावर. हा शब्द मालकाने स्वतः दिला पाहिजे, आणि पुढे हिशेबाच्या वेळी पाळलाही पाहिजे.