विमानातील भोजनाच्या ट्रॉलीचा खटका

विमानप्रवासात आसनांच्या दोन रांगांमधून जी उंच, अरुंद ट्रॉली भोजनाची ताटे घेऊन फिरते, तिच्या दाराला एक खटका असतो. आकाराने तो तळहाताएवढा असून त्याची रचनाही वरवर पाहता साधी आहे. खाच, तिच्यात शिरणारी जीभ, जिभेला बाहेर रेटणारी स्प्रिंग आणि जीभ मागे ओढणारी मूठ, एवढाच त्याचा पसारा. तथापि त्याच्याकडून जी कामगिरी अपेक्षिली जाते ती परस्परविरोधी आहे. काम करणाऱ्याने एका हाताने, दुसऱ्या हातात चहाचे भांडे असतानाही, तो सहज उघडला पाहिजे. आणि त्या एका हाताखेरीज अन्य कोणत्याही कारणाने तो उघडता कामा नये. या दोन अपेक्षांचा मेळ यंत्रशास्त्राच्या कोणत्या तत्त्वांवर घातला जातो, आणि तो मेळ प्रत्यक्ष वापरात कोठे बिघडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ट्रॉलीची मापे आता बहुतांशी ठरून गेलेली आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय विमानकंपन्यांनी देखभालीचा खर्च वाटून घेण्यासाठी दोन गट स्थापन केले. एअर फ्रान्स, अलितालिया, लुफ्तान्सा, सबेना यांचा ‘ॲटलास’ आणि केएलएम, एसएएस, स्विसएअर, यूटीए यांचा ‘केएसएसयू’. हे गट आज त्या स्वरूपात उरले नाहीत. परंतु गॅलीतील सामानाच्या मापांना त्यांची नावे चिकटून राहिली आहेत. ॲटलास मापाची पूर्ण ट्रॉली सुमारे १०३ सेंमी उंच, ३० सेंमी रुंद आणि ८१ सेंमी लांब असते; अर्धी ट्रॉली लांबीने तिच्या निम्मी. पूर्ण ट्रॉलीला दोन्ही टोकांना दारे असतात, म्हणजे दोघांना दोन्ही बाजूंनी ताटे काढता येतात. याचा अर्थ असा की, एका ट्रॉलीत फसण्याजोग्या जागाही दोन असतात.

प्रथम भाराचा विचार करू. अमेरिकन विमानरचना-नियमावलीच्या २५.५६१ या कलमानुसार, आपत्कालीन अवतरणात प्रवाशांच्या कक्षातील जड वस्तू पुढच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ९ पट, वरच्या दिशेने ३ पट आणि खालच्या दिशेने ६ पट त्वरणाला तोंड देऊन जागेवर राहिली पाहिजे. १०० किलोग्रॅम वजनाच्या भरलेल्या ट्रॉलीच्या बाबतीत ९ पटींचा अर्थ सुमारे ८,८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९०० किलोग्रॅम वजनाचा रेटा होतो. याच कलमात आणखी एक अट आहे, आणि ती अधिक बोलकी आहे. जी वस्तू वारंवार काढली-घातली जाते व त्यामुळे जिच्या जोडांची झीज जास्त होते, तिचे जोड नेमलेल्या भाराच्या १.३३ पट भार सोसतील असे असावेत. म्हणजे ९ चे १२ झाले आणि ८,८०० न्यूटनचे सुमारे ११,७०० झाले. हा वाढीव तृतीयांश भाग अपघाताच्या हिशोबातून आलेला नाही. तो रोजच्या झिजेच्या हिशोबातून आलेला आहे.

हा भार पेलण्याचे काम मुख्यतः दोन ठिकाणी वाटले जाते. संपूर्ण ट्रॉलीला तिच्या कप्प्यात अडवून धरतात त्या गॅलीच्या चौकटीवरील फिरक्या; आणि ट्रॉलीच्या पोटातील ताटे व खण यांना अडवून धरते ते ट्रॉलीचे दार. समजा, ट्रॉलीचे दार विमानाच्या नाकाकडे तोंड करून आहे आणि आतील सामान ६० किलोग्रॅमचे आहे. ९ पट त्वरणाला दारावर सुमारे ५,३०० न्यूटन रेटा पडेल. तो दारावर सारखा पसरला असे धरले तर निम्मा बिजागऱ्यांवर आणि निम्मा, म्हणजे २,६५० न्यूटन, खटक्याच्या बाजूवर येईल. बोटाच्या जाडीच्या पोलादी जिभेला हा भार मुळीच अवघड नाही. केवळ बळाचा प्रश्न असता तर हा विषय येथेच संपला असता.

फिरकी ही या दोहोंतील साधी. जुन्या कपाटांना लाकडी फिरकी असे, तिचीच ही धातूची आवृत्ती. ट्रॉली आत सरकवली की फिरकी पाव वळणाने फिरवून तिच्या कडेवर आणावयाची. फिरकीची खीळ गॅलीच्या दर्शनी पृष्ठाला लंब असते. ट्रॉली बाहेर येऊ लागली तर तिचा रेटा याच खिळीच्या दिशेशी समांतर पडतो. अक्षाला समांतर असलेल्या बलाला त्या अक्षाभोवती परिबल नसते. म्हणून रेटा कितीही वाढला तरी फिरकी वाकेल, तुटेल, परंतु फिरणार नाही. मराठी वाड्याच्या दिंडीदरवाजामागील अडसराचे तत्त्वही हेच. दार ढकलणाऱ्याचा जोर आणि अडसर काढण्याची दिशा एकमेकांशी काटकोनात असतात. शत्रूचा जोर अडसराला भिंतीतील खोबणीत अधिकच आवळतो. फिरकीला भय आहे ते रेट्याचे नव्हे, तर कंपनाचे. विमानाच्या सततच्या थरथरीने सैल फिरकी हळूहळू कलू शकते. म्हणून खिळीवर घर्षणाची चकती किंवा ठरावीक जागी अडकणारी गोळी बसवतात, आणि एका ट्रॉलीला एकाच फिरकीच्या भरवशावर ठेवत नाहीत.

दाराचा खटका अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो नुसता ढकलताच आपोआप लागला पाहिजे. त्यासाठी जिभेच्या पुढच्या अंगाला उतार दिलेला असतो. दार ढकलले की हा उतार चौकटीच्या ओठावर घासत जीभ मागे सारतो, आणि खाच समोर येताच स्प्रिंग तिला आत ढकलते. उतार ४५ अंशांचा, घर्षणगुणांक ०.२ आणि स्प्रिंगचा जोर १० न्यूटन असेल, तर दार लावण्यास सुमारे १५ न्यूटन बल पुरते. हाच गुणांक ०.४ झाला तर २३ न्यूटन लागतात. बोटाला हा फरक फारसा जाणवणार नाही. पण ज्याला केवळ स्प्रिंगचाच आधार आहे अशा जिभेला तो जाणवतो. साखरेचा पाक, फळांचा रस वाळून बसलेल्या खटक्यात जीभ खाचेत पूर्ण न शिरता अर्ध्यावर अडकते, ती याच कारणाने.

जिभेची मागची बाजू सपाट असते आणि सारे रहस्य तिच्यात आहे. आतील सामान दारावर रेटते तेव्हा हा रेटा मागच्या सपाट बाजूवर लंब पडतो. जिभेला मागे सरकावयाचे असते ते त्याच्या काटकोनात. म्हणून रेट्याचा कोणताही अंश तिला मागे ढकलत नाही. येथपर्यंत अडसर आणि खटका यांत भेद नाही. परंतु हजारो वेळा उघडझाप झाल्यावर जिभेची कडा आणि खाचेचा ओठ झिजतात, व सपाट बाजूला सूक्ष्म उतार येतो. उतार आला की रेट्याचा एक अंश जिभेला मागे ढकलू लागतो. स्प्रिंगचा अल्प जोर बाजूला ठेवला, तर जोपर्यंत उताराचा कोन घर्षणकोनापेक्षा लहान आहे तोपर्यंत घर्षण तिला धरून ठेवते. ०.२ या गुणांकाला घर्षणकोन ११ अंशांहून थोडा अधिक येतो. म्हणजे ८ अंशांची झीज झालेला खटका कोरडा असताना सुरक्षित वाटेल. त्याच पृष्ठावर लोणी किंवा रश्श्याचे तेल पसरून गुणांक ०.१ वर आला, तर घर्षणकोन ६ अंशांच्याही खाली जातो आणि तोच खटका आता दाबाखाली सुटू शकतो. विशेष असे की, अशा वेळी रेटा वाढवल्याने पकड वाढत नाही. घर्षण व ढकलणारा अंश दोन्ही त्याच प्रमाणात वाढतात, आणि स्प्रिंगचे १० न्यूटन मोठ्या भारापुढे नगण्य ठरतात. त्यात कंपनाने पृष्ठे क्षणभर एकमेकांपासून सुटत राहिली तर उरलेसुरले घर्षणही कामास येत नाही.

अन्नाचे अवशेष अशा रीतीने दोन उलट अपाय करतात: साखर जिभेला अडकवते, स्निग्धांश तिला निसटू देतो. दोन्ही अपायांवर धुणे हा उपाय आहे, आणि ट्रॉल्या उड्डाणानंतर पाकगृहात गरम पाण्याने धुतल्याही जातात. पण याच धुण्यात खटक्याच्या आतील वंगणही निघून जाते. खटका उघडा, पाणी वाहून जाईल असा असावा की बंद पेटीत असावा, हा वाद म्हणूनच रचनाकारांपुढे नेहमी राहतो. बंद पेटीत घाण उशिरा शिरते. परंतु शिरली की निघत नाही. झीज डोळ्यांना दिसावी यासाठी उघडी रचना अधिक चांगली म्हणावी लागेल.

धक्क्याने जीभ आपल्याच जडत्वामुळे मागे सरकेल काय, अशी शंका विद्यार्थ्यांकडून येण्याजोगी आहे. ५० ग्रॅम वजनाच्या जिभेवर ९ पट त्वरणाला सुमारे ४.४ न्यूटन बल येते. १० न्यूटनच्या स्प्रिंगला ते सहज आवरता येते. स्प्रिंग थकून निम्म्यावर आली तरी थोडा अवकाश शिल्लक राहतो. मूठ जड किंवा लांब असेल तर मात्र तिचा हिशोब वेगळा करावा लागतो. मूठ पृष्ठाच्या आत बसवण्याचे कारण अधिक व्यावहारिक आहे. बाहेर आलेली मूठ शेजारच्या आसनाला, एखाद्या बाहीला किंवा दुसऱ्या ट्रॉलीला अडकून उघडते.

याहून गंभीर प्रश्न आहे तो दार बंद दिसणे आणि बंद असणे यांतील अंतराचा. विमानविद्येच्या इतिहासात या अंतराने मोठी किंमत घेतलेली आहे. डीसी-१० विमानाच्या मागील सामानकक्षाचे दार बाहेरून बंद दिसत असता आतील आकडे पूर्ण लागलेले नसत, आणि तरीही बाहेरची मूठ जोराने बसवता येत असे. १२ जून १९७२ रोजी कॅनडातील विंडसरजवळ असे एक दार उडाले, सारे बचावले. ३ मार्च १९७४ रोजी पॅरिसजवळ तेच घडले आणि ३४६ माणसे मृत्यू पावली. ट्रॉलीच्या दाराला त्या दाराच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नाही. पण दोष एकाच जातीचा आहे. जीभ २ मिलिमीटर शिरलेली असो की पूर्ण, दार चौकटीला सारखेच टेकलेले दिसते. गॅलीच्या फिरक्यांना म्हणूनच लाल रंग देतात, आणि कित्येक रचनांत फिरकी उघडी असताना तिच्याखालचा लाल पट्टा उघडा पडतो. उड्डाणापूर्वीची तपासणी त्यामुळे एका नजरेत होते. दाराच्या खटक्यावर अशी खूण तितक्या सर्रास आढळत नाही. जिभेची खूण मुठीच्या जागेवरून न देता प्रत्यक्ष जिभेच्या टोकावरून दिली पाहिजे. नाही तर खूण मुठीची साक्ष देईल, जिभेची नाही.

ट्रॉलीला चाकांचा रोधकही असतो. बहुधा लाल पेडल दाबले की चाके अडतात आणि हिरवे दाबले की सुटतात. समपातळीवर जातानाही विमानाचे नाक दोन-तीन अंश वर असते. ३ अंशांच्या उतारावर १०० किलोग्रॅमच्या ट्रॉलीला मागे खेचणारे बल सुमारे ५० न्यूटन असते. तेवढ्यासाठी रोधक उत्तम. पण रोधकाचे सारे बळ ट्रॉलीच्या जमिनीवरील दाबातून येते, आणि हा दाब हवेतील धक्क्यात नाहीसा होऊ शकतो. २१ मे २०२४ रोजी म्यानमारवरून जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या बोइंग ७७७ विमानात, प्राथमिक तपासणीनुसार, ऊर्ध्व भारगुणांक ०.६ सेकंदात अधिक १.३५ वरून उणे १.५ वर गेला. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जखमी झाले. उणे १.५ म्हणजे न बांधलेली प्रत्येक वस्तू दीडपट गुरुत्वाने छताकडे ‘पडते’. त्या क्षणी चाके अडलेली आहेत की मोकळी, याला अर्थ उरत नाही. जमिनीवर चालताना, उड्डाण व अवतरण यांच्या वेळी प्रत्येक ट्रॉली तिच्या जागी जखडलेली असावी असे अमेरिकन नियमावलीचे १२१.५७७ कलम सांगते. रोधक लावून मार्गात उभी केलेली ट्रॉली या व्याख्येत बसत नाही.

कचऱ्याच्या ट्रॉलीच्या दारावर आणखी एक जबाबदारी येते. जळाऊ कचऱ्याचे पात्र पूर्ण बंदिस्त असावे, आत लागलेली आग त्याने आतच ठेवावी, आणि वापरात येणारी झीज, जोडांचा तिरपेपणा व हवेचा शिरकाव गृहीत धरून हे प्रयोगाने सिद्ध करावे, अशी २५.८५३ कलमाची अट आहे. बंद पात्रातील आग हवेअभावी विझते. दाराच्या कडेला फट राहिली तर ती जगते. येथे खटक्याने दार केवळ अडवून धरणे पुरत नाही, ते चौकटीवर सर्व बाजूंनी सारखे दाबून धरले पाहिजे. एक मीटर उंच दाराला मध्यभागी एकच खटका असेल तर वरचे-खालचे कोपरे उचलले जाण्याचा संभव असतो. एकाच मुठीने वर आणि खाली दोन जिभा हलवणारी रचना यासाठी अधिक योग्य, जरी तिच्यात झिजणारे सांधे वाढतात.

इंधन वाचवण्यासाठी ट्रॉल्या हलक्या करण्याकडे अलीकडे कल आहे, आणि ॲल्युमिनियमऐवजी तंतुमिश्रित पदार्थ वापरून पूर्ण ट्रॉलीचे रिकामे वजन २० किलोग्रॅमच्या खाली आणण्यात यश आले आहे. एकाच पदार्थाच्या सलग पत्र्याची जाडी दशांशाने कमी केली तर त्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे २७ टक्क्यांनी घटतो, आणि त्याच भाराखालील बाक ३७ टक्क्यांनी वाढतो. दोन पातळ थरांमध्ये पोकळ गाभा घालून हा ताठपणा भरून काढता येतो. मात्र जेथे खटका बसवावयाचा तेथे गाभा काढून भरीव ठोकळा घालावा लागतो, आणि ठोकळा व गाभा यांची सीमा हीच दाराची कमजोर रेषा होते. दार बाकले की त्याची मोकळी कड वळते आणि तिच्याबरोबर जिभेची मागची बाजूही कलते. जीभ मुळीच झिजलेली नसतानाही मघा सांगितलेला घातक उतार अशा रीतीने भाराखाली निर्माण होतो आणि भार निघताच नाहीसा होतो. टेबलावर एकट्या खटक्याला ओढून घेतलेल्या चाचणीत तो कधीच दिसणार नाही. तो पाहण्यासाठी खटका त्याच्या दारासह, दार त्याच्या ट्रॉलीसह आणि ट्रॉली भरलेल्या स्थितीत ओढावी लागते.