आवाज कसला, यापेक्षा कधीचा

जुन्या टू-स्ट्रोक चेतकचं इंजिन खोलून गोणपाटावर मांडलेलं पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, निम्मे भाग कुणीतरी पळवलेत. झडपा नाहीत, त्या उघडणारा कॅमशाफ्ट नाही, ऑइलचा पंप नाही. फिरणारं-हलणारं म्हणावं तर पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. एवढ्या भांडवलावर आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघालेल्या या स्कूटरने नवरा-बायको, दोन पोरं आणि पुढे हुकाला लटकलेली भाजीची पिशवी असा सगळा संसार कात्रजच्या घाटावर चढवला. मूळ आराखडा इटलीतल्या पियाजिओच्या व्हेस्पाचा. १९४६ सालची पहिली व्हेस्पा आखणारे कोराडिनो दास्कानिओ मूळचे विमानं आणि हेलिकॉप्टरवाले. मोटरसायकलची तेलकट चेन त्यांना मुळीच आवडत नसे. म्हणून त्यांनी इंजिन थेट मागच्या चाकाला चिकटवलं. चेतकलाही चेन नाही. त्यामुळे ‘चेन वाजते’ हा आपला आवडता निष्कर्ष इथे पहिल्याच फटक्यात बाद होतो.

मग वाजतं काय?

इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक याप्रमाणे सेकंदाला ५० स्फोट होतात. आपल्या कानाला ते सुटे ऐकू येत नाहीत, एक सलग घरघर ऐकू येते. पण आतला प्रत्येक भाग या ५०च्या हिशेबाला बांधलेला आहे. क्रँकशी जोडलेलं काही सैल झालं, तर ते रेस दिली की जलद वाजणार आणि रेस सोडली की मंदावणार. चाकाचं बेअरिंग गेलं असेल, तर त्याला इंजिनाशी देणंघेणं नाही. ते रस्त्यावरच्या वेगाशी इमान राखणार. म्हणून कसलेला मेस्त्री ‘आवाज कसा येतो?’ हे फारसं विचारतच नाही. त्याचं उत्तर आपण तोंडाने काढून दाखवतो आणि ते बहुधा चुकीचं असतं. तो विचारतो, ‘कधी येतो?’ गार असताना की तापल्यावर? चढाला की उताराला? क्लच दाबल्यावर राहतो की जातो? मोकळ्या उतारावर क्लच दाबून रेस सोडली, इंजिन शांत झालं आणि घरघर तशीच चालू राहिली, तर इंजिनाचं अर्धं खातं तिथेच निर्दोष सुटतं.

सकाळी किक मारल्यावर येणारी आणि दोन-तीन किलोमीटरनंतर नाहीशी होणारी टकटक घ्या. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून दोघांमध्ये गार असताना थोडी जागा मुद्दाम ठेवलेली असते, फार तर मिलिमीटरचे एक-दोन दशांश. सिलिंडर झिजला की ही फट वाढते. मग ५७ मिलिमीटर व्यासाचा पिस्टन वर-खाली जाताना या भिंतीवरून त्या भिंतीवर कलंडतो आणि त्याचा खालचा घेर सिलिंडरवर आपटतो. ती टकटक. पिस्टन तापून फुगला की फट भरते आणि आवाज आपोआप बसतो. इथवर ठीक. पण हेच फुगणं हाताबाहेर गेलं, म्हणजे पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल कमी पडलं किंवा हवा जास्त झाली, की फट संपते आणि पिस्टन जिथल्या तिथे धरतो. मागचं चाक घासत जागेवर अडकतं. याला आपण ‘इंजिन जॅम झालं’ म्हणतो. ज्या प्रसरणाने टकटक बंद केली, त्यानेच गाडीही बंद पाडली.

तापल्यावर जाणारी टकटक म्हणूनच तशी निरुपद्रवी. फार तर बोअर करून एक नंबर मोठा पिस्टन टाकायची वेळ जवळ आलीय एवढंच ती सांगते. तापल्यावर वाढणारी, खोलवरून येणारी ठकठक मात्र कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाची. तिच्याशी वाटाघाटी करू नयेत. चढाला गिअर न बदलता रेस पिळली की येणारी बारीक टिंगटिंग हा वेगळाच प्रकार आहे. तिथे काहीही सैल नसतं. प्लगपासून निघालेली ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून पेटतं आणि त्याच्या धक्क्याने सिलिंडरमधला वायूच घणघणतो, सेकंदाला साधारण नऊ-दहा हजार कंपनांनी. साठी ओलांडलेल्या कानाला हा सूर अनेकदा पोचतच नाही.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या केसिंगवर टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाला दाबून धरायची. फिरत्या पंख्यापासून लांब राहायचं, हे सांगायला नकोच. धातूतली कंपनं हवेत उतरताना जवळजवळ सगळी सीमेवरूनच परततात. पोलाद ते हाड असा सलग रस्ता मिळाला की ती थेट डोक्यात शिरतात. बेअरिंगवर टोक टेकलं की इतका वेळ कुठूनही येतोय असं वाटणारा आवाज एका रुपयाएवढ्या जागेत गोळा होतो. हा अनुभव कुणीही एकदा घ्यावाच.

पण गाडी ओढत नाही, पिकअप गेलंय आणि आवाज मात्र काहीच नाही, ही तक्रार मला जास्त विलक्षण वाटते, कारण तिची मुळं हवेत असतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या वर स्फोट होत असताना खालच्या क्रँककेसमध्ये पुढच्या खेपेचं मिश्रण दाबलं जात असतं. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाचा पंप. आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना या पंपाची राखण करतात रबराची दोन ऑइल सील. मॅग्नेटच्या बाजूचं सील कडक होऊन चिरलं, तर पंप तिथून फुकटची हवा ओढतो. मिश्रण पातळ होतं, रेस सोडली तरी इंजिन खाली यायला तयार नसतं, आणि ते तापत राहतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर पलीकडे गिअरबॉक्समधलं ऑइल असतं. इंजिन तेच पिऊ लागतं. मागे धुराचा लोट निघतो, प्लग काळा ओला होतो आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप उतरत जाते. दोन्ही रबरं सारखीच, फाटणंही सारखंच. निदान ठरतं ते पलीकडे काय भरलंय यावरून.

सायलेन्सरची गोष्ट त्याहून सोपी, पण तीच सर्वांत जास्त वेळा घडते. टू-टी ऑइल पूर्ण जळत नाही. त्याचा डांबरासारखा थर सिलिंडरच्या बाहेरच्या भोकात आणि सायलेन्सरच्या नळीत साचतो. नाक चोंदलेल्या माणसाला जिना चढायला लावावं तशी मग घाटात गाडीची गत होते. जळका वायू पुरता बाहेर पडत नाही, उरलेल्यात नवं मिश्रण नीट पेटत नाही, एक फेरा वाया जातो, तेवढ्यात आतली हवा थोडी स्वच्छ होते आणि पुढचा फेरा पेटतो. टू-स्ट्रोक इंजिन फोर-स्ट्रोकच्या तालात ढब-ढब करू लागतं. सायलेन्सर काढून जाळला आणि दगडावर आपटला की काळ्या खपल्या ओंजळभर पडतात. हे काम पूर्वी गॅरेजबाहेर भर रस्त्यात चाले आणि अख्खी गल्ली खोकत असे. त्याची आठवण काढून कुणी हळवं होऊ नये.

घासणाऱ्या क्लच प्लेटा किंवा धरून राहिलेला मागचा ब्रेक यांचा निकाल मिनिटात लागतो. पहिल्यात इंजिनाची रेस वाढते, पण वेग वाढत नाही. दुसऱ्यात ड्रमला हात लावला की चटका बसतो.

सगळं तपासून झालं, प्लग नवा, जेट साफ, पॉइंट घासलेले, आणि तरीही गाडी चार-पाच किलोमीटरवर मलूल होऊन बंद पडत असेल, तर इंजिनाचा नाद सोडून सीट उचलावी. टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे केवळ स्वतःच्या वजनाने उतरतं, पंप नाही. ते उतरावं म्हणून टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारं एक बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच अडकून राहतं. बंद पडलेल्या गाडीचा मालक ‘पेट्रोल तर संपलं नाही?’ म्हणून झाकण उघडतो, फुस्स आवाज येतो, पेट्रोल भरपूर दिसतं, झाकण लावून किक मारली की गाडी सुरू. पुढच्या चार-पाच किलोमीटरसाठी तो निश्चिंत असतो. यावर औषध म्हणजे शिवणाची सुई.